सात सैल दगड

सगळा घोळ माझ्या अक्षरामुळे झाला. शाळेत बाई वहीवर 'सुंदर' म्हणून शेरा द्यायच्या, तेव्हा कुणाला ठाऊक होतं की हेच अक्षर एक दिवस माझ्या मुळावर येणार आहे! गल्लीची नदी समिती नेमायची बैठक झाली तेव्हा मी घरी कोटाची काजं करत बसले होते. शिवणकाम आहे माझं, सांगितलेल्या दिवशी कपडा द्यावा लागतो. बैठकीला गेले नाही म्हणून मला सचिव केलं. जे गेले होते ते सगळे बरोब्बर सुटले. अध्यक्ष झाला कोपऱ्यावरचा बेकरीवाला, कारण त्याला फोटोत उभं राहायला आवडतं आणि तो ते लपवतही नाही.

आता आधी भिंतीचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमची गल्ली नदीकाठची. बारा घरं, त्यात आमचं शेवटचं आणि सगळ्यांत सखल. काठानं जुनी दगडी भिंत आहे, पुरुषभर उंच. किती जुनी ते कुणालाच माहीत नाही. तिच्यात चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. गल्लीच्या जरा वरच्या अंगाला नदी वळते, तिथे भिंतीमागे मोठं खोलगट मैदान आहे, आणि तिथेच भिंतीत सात दगड मुद्दाम सैल बसवलेले असतात. त्या जागेला आम्ही 'तोंड' म्हणतो. नदी फुगली की आधी ते सात दगड निघतात, पाणी मैदानात शिरतं, नदीचा जोर उतरतो आणि गल्ली कोरडी राहते. ओसरताना पाणी ते दगड ओढून नदीत नेतं. मग सगळ्या गल्लीनं नदीत उतरायचं, सातही दगड हुडकून वर आणायचे, आणि आबांनी ते पुन्हा सैल बसवायचे. तेही बेतानं सैल. घट्ट बसले तर वेळेला निघायचे नाहीत, आणि फार ढिले राहिले तर एखादी शेळी अंग घासून पाडेल.

आबा म्हणजे माझे सासरे. वय एक्क्याऐंशी, जन्मभर पाथरवट. तोंडाचं काम गेली पंचावन्न वर्षं तेच करतात, त्याआधी त्यांचे मामा करायचे. त्या दगडांना ते नावानं ओळखतात. थोरला, बुटका, चपटा, कानवाला. पोटच्या मुलाला त्यांनी इतक्या मायेनं हाक मारलेली मी काही ऐकली नाही. आमचे हे लांबच्या बसवर ड्रायव्हर आहेत, त्यामुळे हाक मारायची वेळही फारशी येत नाही म्हणा.

तीन वर्षांपूर्वी पूर ओसरल्यावर सहा दगड सापडले आणि कानवाला काही सापडेना. नदीत कचराच तेवढा होता. टायर, गाद्या, फुटक्या बादल्या, एक अख्खा सोफा. दुसरा एखादा दगड लावा की, असं बेकरीवाला म्हणाला, तर आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं पँट दुमडायला घेतली. मग काय, उतरलो सगळे. एकेक वस्तू उचलायची, काठावर टाकायची आणि खाली बघायचं. असे अकरा रविवार गेले. बाराव्या रविवारी कुणाच्यातरी मोडक्या फ्रिजखाली कानवाला निघाला. आबांनी त्याला सदऱ्यानं पुसलं. आम्ही कंबर सरळ करून बघतो तर नदी स्वच्छ! तळ दिसत होता, मासे फिरत होते. शपथ घेऊन सांगते, नदी साफ करायचं आमच्या मनातसुद्धा नव्हतं.

पेपरात फोटो आला आणि सरकारला आमचा शोध लागला.

एके दिवशी वारसा आणि नदी कक्षातले साहेब आले. गळ्यात ओळखपत्र, हातात जाडजूड फाइल, बुटाला चिखल लागू नये म्हणून टाचा उचलून चालत होते. प्रत्येक गोष्टीसाठी त्यांच्याकडे छापील नमुना असायचा, म्हणून गल्लीनं दोन दिवसांत त्यांचं नाव नमुनासाहेब पाडलं. माणूस वाईट नव्हता हो. उलट भिंतीवर मायेनं हात फिरवत राहिले. म्हणाले, "ताई, हे सगळं लोकांनी केलंय! लोकांनी! आता शासन तुमच्या पाठीशी उभं राहणार."

आबा माझ्या कानाशी पुटपुटले, "पाठीशी नको म्हणावं. बाजूला उभे राहा."

'नदी तुमची, साथ आमची' असं योजनेचं नाव होतं. त्यासाठी नमुना क्रमांक चौदा भरायचा होता, चांगला अठरा पानी. अध्यक्षांनी तो माझ्यापुढे सरकवला. "लिहा वहिनी, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे." झालं! शिवणाच्या टेबलावर कापड बाजूला सारून मी लिहायला बसले. शेजारी आबा. नदीची लांबी, खोली, माशांच्या जाती, समितीतल्या बायका किती, पुरुष किती, सगळं लिहिलं. सत्ताविसाव्या रकान्यात विचारलं होतं, 'वास्तूतील सैल दगडांची संख्या'.

आबा ताठ बसले. "सात. सहा नाही, आठ नाही. सात."

मीही मोठ्या झोकात लिहिलं, सात. आणि नुसतं सात लिहून माझं समाधान कुठलं व्हायला! शेजारी भर घातली, 'हे सातही दगड दर पुरानंतर मोजून सैल केले जातात'. आमच्या भिंतीचा सगळा मोठेपणा त्या सातात होता, मग लिहायला नको? त्या रकान्यांचा मथळा मागच्या पानावर होता आणि तो 'दोष' असा होता, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

दोन महिन्यांनी पाहणी अहवाल आला. आबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मीच मोठ्यानं वाचू लागले. 'गंभीर दोष : सात. सदर दोष स्थानिकांकडून वेळोवेळी निर्माण करण्यात येतात.' त्याखाली, 'उपाय : सातही दगड सिमेंटने कायमचे पक्के करणे.' आणि त्याच्याही खाली, 'वास्तूची नियमित देखभाल : निरंक.'

"निरंक म्हणजे काय गं?" आबांनी विचारलं.

"म्हणजे... काही नाही, आबा."

"काही नाही म्हणजे तुला सांगायचं नाही, का तिथे काही नाही असं लिहिलंय?"

"तिथे लिहिलंय."

"अस्सं होय," ते म्हणाले. कपातला चहा तसाच ठेवून उठले आणि मैदानाकडे चालू लागले. मला इतका संताप आला की विचारू नका. साहेबांचा आला, बेकरीवाल्याचा आला, पण सगळ्यांत जास्त माझ्या सुंदर अक्षराचा आला.

दुसऱ्याच दिवशी मी कार्यालय गाठलं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. साहेबांच्या खोलीत कपाटांच्या वर फायली, फायलींच्या वर फायली, आणि भिंतीवर आमच्या नदीचा भला मोठा फोटो. खाली लिहिलं होतं, 'लोकशक्ती'. फोटोत मी होते. म्हणजे माझी पाठ होती, मी सोफा ओढत होते.

"साहेब, ते सात दगड म्हणजे दोष नाही. ते तसेच सैल पाहिजेत."

"ताई, पण हे तुमच्याच अक्षरात आहे." साहेबांनी पान उघडून दाखवलं. "किती सुंदर अक्षर!"

"अक्षर माझं, पण रकाना तुमचा ना! तेवढा बदलून द्या."

"दाखल झालेला नमुना बदलता येत नाही."

"मग आम्हाला मदतच नको. तसं लिहून देते."

साहेब उठले. कपाट उघडून त्यांनी खरंच शोधलं, दोन कप्पे उपसले. मग हात झटकत म्हणाले, "मदत मागण्याचा नमुना आहे. मदत नाकारण्याचा नाही. आजवर कुणी नाकारलीच नाही. आणि ताई, लोकसहभागाच्या कामाला लोकांचाच विरोध, असं मी अहवालात लिहू तरी कसं?"

"निदान आबांना एकदा विचारा. पंचावन्न वर्षं तेच बघतात ती भिंत."

"त्यांचं नाव एखाद्या कागदावर आहे का?"

नव्हतं. कुठे असणार? दगडावर कुणी सही करून ठेवतं का?

"बघा ना," साहेब कळवळून म्हणाले, "मग मी त्यांना विचारलं, तर ते कोण म्हणून विचारलं असं लिहू?"

मी कपाळावर हात मारून तीन मजले उतरले.

काम सुरू झालं आणि तीन दिवसांत संपलंसुद्धा. सरकारी कामाबद्दल लोक उगाच काहीबाही बोलतात. एरवी वर्ष वर्ष लोळत पडलं असतं, तर आम्ही दुवा दिला असता. पण हे काम मेलं वेळेत झालं, चांगलं झालं. सिमेंटला दगडाचा रंग दिला होता, सांधा शोधून सापडत नव्हता. आबा रोज जाऊन तिथे बोटं फिरवायचे आणि परत यायचे. जेवायलाही दोनदा हाक मारावी लागायची.

उद्घाटनाला मांडव पडला. तोंडाच्या डोक्यावर पितळी फलक लागला. त्यावर मंत्री, दोन अभियंते, ठेकेदार, साहेब, अध्यक्ष आणि सगळ्यांत खाली सचिव म्हणून मी. आबांना चौथ्या रांगेत खुर्ची आणि डोक्याला 'नदीमित्र' लिहिलेली टोपी मिळाली. भाषणं संपली तेव्हा साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते स्वतः माईक घेऊन आबांपाशी आले. "आजोबा, परंपरेबद्दल दोन शब्द."

आबा उभे राहिले. "तुम्ही तिचं तोंड बंद केलंत," ते म्हणाले. "आता ती आमच्या दारातून आत येईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला! पाहुण्यांना ते फार आवडलं. नदी लोकांच्या दारी येणार, किती सुंदर कल्पना, असं एक बाई माझ्यापाशी येऊन म्हणाल्या. मी त्यांना आमचं दार कुठलं ते दाखवलं.

आणि आलीच ती. पुढच्याच पावसाळ्यात. वर डोंगरात चार दिवस पाऊस लागून राहिला होता. पाचव्या दिवशी दुपारी भिंतीच्या फटींतून आलेल्या पाण्यात आमच्या ओट्याची खालची पायरी दिसेनाशी झाली. शिवणयंत्र मी एकटीनं पलंगावर चढवलं, अंगात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. बाहेर येऊन बघते तर आबा खुंटीवरचा घण खांद्यावर घेऊन निघालेले.

मी त्यांच्यामागे धावत कार्यालयाला फोन लावला.

"साहेब, तोंड फोडावं लागतंय. घरात पाणी शिरेल आता!"

"ताई, थांबा, घाई करू नका," साहेबांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. "वारशाला हात लावायला पूर्वपरवानगी लागते. तुम्ही आजच अर्ज द्या, मी स्वतः लक्ष घालतो. एकवीस दिवसांच्या आत..."

मी फोन बंद केला.

मैदानावर पोचलो तेव्हा भिंतीच्या पलीकडे पाणी काठोकाठ आलं होतं. आबांनी घण उचलला आणि तो अर्ध्यातच खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते पावसाचं नव्हतं. इतक्यात बेकरीवाला धावत आला. मला वाटलं, चला, देवासारखा आला, कणीक मळून मळून दंड आहेत त्याचे. तो सरळ भिंतीवर चढला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, पितळी फलकाचे चार स्क्रू काढले, फलक छातीशी धरला आणि आला तसा पळाला.

मी आबांच्या हातातून घण घेतला.

"समोर नको," आबा ओरडले. "बाजूला उभी राहा, बाजूला! आणि थोरल्यावर मारू नकोस, तो शेवटी निघतो. खालून तिसरा, कानवाला. त्याच्या डाव्या अंगाला."

"दिसत नाही हो आबा, सगळं सारखंच दिसतंय!"

त्यांनी माझा हात धरला आणि माझी बोटं भिंतीवर ठेवली. "हा कान. लागला का?"

लागला. मी मारत सुटले. किती घाव घातले आठवत नाही. प्रत्येक घावाला मी एकेकाचं नाव घेत होते, त्यात माझंही होतं. सिमेंट इतकं उत्तम प्रतीचं होतं की ठेकेदाराचं तळपट होवो. अखेर भेग पडली, भेगेतून पाण्याची चिळकांडी उडाली, मग कानवाला हलला. पुढचं नदीनं बघितलं. थोरला आणि बुटका सिमेंटसकट एकमेकांना चिकटलेलेच बाहेर फेकले गेले. तासाभरात मैदानाचं तळं झालं. घरी येऊन बघते तर पाणी दुसऱ्या पायरीवर टेकून थांबलं होतं. उंबरा कोरडा. बाराही घरं कोरडी.

चौथ्या दिवशी नमुनासाहेब चौकशीला आले. आमच्याच घरात, शिवणाच्या टेबलावर फाइल उघडून बसले. संरक्षित वारशाची हानी, नमुना क्रमांक एकतीस. आधी अध्यक्षांचा जबाब झाला. बेकरीवाल्यानं कानांवर हात ठेवले. आपण त्या वेळी जिवाची पर्वा न करता शासनाचा फलक वाचवत होतो, एवढंच त्याला माहीत होतं. साहेबांनी ते कौतुकानं लिहून घेतलं.

"मग भिंत फोडली कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मी."

"आबा!" मी ओरडले. "खोटं आहे हे, साहेब. घण माझ्या हातात होता. माझं नाव लिहा."

"सूनबाई, मध्ये बोलू नकोस. तू नुसता हात लावलास. कुठे मारायचं ते कुणी सांगितलं?" मग साहेबांकडे वळून म्हणाले, "लिहा. काय काय विचारायचं ते विचारा."

साहेबांनी चष्मा पुसला. नमुन्यावरचा पुढचा प्रश्न वाचला. "या वास्तूला तुम्ही पूर्वी कधी हात लावला होता का? असल्यास केव्हा, कितीदा, कशा प्रकारे?"

पंचावन्न वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. मामांपासून. पहिल्या पुरापासून. कुठल्या साली कुठला दगड झिजला, कपच्या कशा घालायच्या, बुटक्याचं तोंड नदीकडे का, चपटा उलटा लावला तर काय होतं. असे एकोणीस पूर त्यांनी सांगितले. साहेबांचे कागद संपले, तेव्हा मी माझ्या मापांच्या वहीतली पानं फाडून दिली. दोन तास लिहीत होते. पुढे पुढे साहेब नमुन्यातले प्रश्न सोडून स्वतःचेच विचारायला लागले. "आणि मग कानवाला?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी चहा टाकायला उठले, कारण मला रडू येत होतं आणि ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

नोटीस आठवड्याभरात आली. आबा अंगणात दगडावर बसले होते. मला नको वाटत होतं, पण वाचणं भाग होतं.

"'सदर इसम, वय एक्क्याऐंशी, धंदा पाथरवट, हा गेली पंचावन्न वर्षे, एकोणीस पुरांमध्ये, सदर भिंतीशी सातत्याने छेडछाड करीत आला आहे, हे निःसंशय सिद्ध होते. सबब त्यास सक्त ताकीद देण्यात येते. सदर नुकसान त्याने स्वतःच्या हाताने पंधरा दिवसांत भरून द्यावे.'"

इथपर्यंत छापील होतं. खाली एक ओळ पेनानं लिहिलेली होती, अक्षर साहेबांचं, किरटं. 'याकामी शासनाकडून सिमेंट मिळणार नाही.'

मी ती ओळ दोनदा वाचली. साहेबांबद्दल एवढे दिवस जे जे बोलले होते, त्यातलं निम्मं मी तिथल्या तिथे मागे घेतलं.

आबा माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. मला वाटलं, त्यांच्या जिवाला लागलं. या वयात गुन्हेगार ठरवलं माणसाला. "मनाला लावून घेऊ नका हो आबा," मी म्हणाले. "यांना काय कळतंय!"

"पुन्हा वाच बरं," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचायला लागले. 'सदर इसम' झालं, 'वय' झालं, 'छेडछाड'पाशी आले तर त्यांनी हातानं थांबवलं.

"ते छेडछाड वगैरे राहू दे. त्याच्याआधी काय लिहिलंय?"

"गेली पंचावन्न वर्षे, एकोणीस पुरांमध्ये."

"सही आहे का खाली? शिक्का?"

"दोन्ही आहे."

आबांनी कागद माझ्या हातातून घेतला, बोटानं ती ओळ चाचपून बघितली, दगडाचा सांधा बघतात तशी, आणि परत दिला. डोळे भरून आले होते त्यांचे, पण हसत होते. गल्लीतली माणसं बादल्या, पहारी घेऊन नदीवर दगड हुडकायला निघाली होती, सगळ्यांत पुढे बेकरीवाला. आमच्या दारात येऊन ती थांबली.

"चला आबा, येताय ना?"

"येतो," आबा म्हणाले. "जरा थांबा. सूनबाई, तेवढंच वाच. मोठ्यानं."

मी उभी राहिले आणि मोठ्यानं तेवढंच वाचलं.